गिऱ्हाईक आणि शेजारीण

४ जून

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. दुकान ठीक, शिलाईचं मशीन ठीक, तुझे दादा म्हणजे आपले मास्तरही ठीक आहेत. हे आधी लिहितो, कारण पाकीट फोडलं की तू शेवटची ओळ आधी वाचतेस, असं आई सांगायची.

फोन करता आला असता. पण फोन मास्तरांच्या मशीनशेजारी आहे, आणि आपण हळू बोलायला लागलो की ते मशीन थांबवून ऐकतात.

विषय जरा नाजूक आहे. आपल्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, वयस्कर गृहस्थ. हिवाळ्यात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. (मास्तरांचं हर्नियाचं झालं, त्याच सुमारास.) तेव्हापासून त्यांना लघवी धरून ठेवता येत नाही. खोकला आला, उठून उभे राहिले, जड गठ्ठा उचलला, की थोडी होऊन जाते. घरी बोलायला कोणी नाही म्हणून त्यांनी मला विश्वासात घेतलं.

मी औषधाच्या दुकानात गेलो. मोठ्या माणसांच्या डायपरची अख्खी भिंत आहे. प्रत्येक पुड्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं हसत असतं, कशाला ते कळत नाही. मागे माणसं उभी होती, म्हणून मी खोकल्याचं औषधही घेतलं आणि पुडा त्याच्याखाली धरला. माप विचारलं तेव्हा सर्वांत मोठं सांगितलं. आपल्याकडे नियमच आहे : कापड आत घेता येतं, बाहेर काढता येत नाही.

तरी गिऱ्हाईकाचा त्रास थांबत नाही. बाजूने गळतंच. त्यामुळे हल्ली ते बसत नाहीत, काजंसुद्धा उभ्याने करतात.

तू बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत उभी हयात काढलीस. लोक तुला गाडी सोडून बाकी सगळंही विचारायचे. काही माहीत असेल तर कळव. मास्तरांना यातलं काही माहीत नाही.

तुझा
टाचणी

ता. क. मागच्या वेळी तू चहा अर्धा टाकून का गेलीस, हे मास्तर अजून विचारतात. म्हणतात, मी वकिलाच्या पँटचा किस्सा सांगत होतो, ती पोट धरून हसत होती, आणि मधेच उठून चालायला लागली. किस्सा लागला की काय तिला?


११ जून

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

शेवटची ओळ आधी वाचली. चहाचं सोड. मला गाडी गाठायची होती.

तुमचं गिऱ्हाईक स्वतःची काजं स्वतः करतं? मग तुम्ही दोघं दुकानात काय करता? नशीबवान दुकान आहे.

असो. माझ्या शेजारणीला हाच त्रास आहे, तिच्याकडून ऐकलेलं सांगते. पहिली गोष्ट : हे कापड आत घेता येत नाही. मोठ्यात मोठं घेतलं की मांडीशी फट राहते आणि सगळं तिथून बाहेर. कमरेचं आणि बसायच्या भागाचं माप घ्यायचं, त्यातलं मोठं असेल ते पुड्यावरच्या तक्त्यात बघायचं, आणि तेच घ्यायचं. वाढीव नको. आणि वळही उठता कामा नये, नाहीतर घट्ट झालं.

दुसरी गोष्ट : सगळं एकच नसतं. थेंब-थेंब होत असेल तर आपल्याच चड्डीत लावायचा पॅड पुरतो, पुरुषांसाठी वेगळ्या आकाराचा येतो. जास्त होत असेल आणि माणूस हिंडताफिरता असेल, तर चड्डीसारखा वर ओढायचा प्रकार. दोन बाजूंना पट्ट्या चिकटवायचा असतो तो अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा. तू उचललास तो हाच असणार, कारण त्याचाच पुडा सगळ्यांत मोठा असतो. शेजारणीनेही आधी तोच उचलला होता.

आणि तुमच्या गिऱ्हाईकाने पाणी प्यायचं बंद केलं असेल. सगळे करतात. लघवी दाट होते, जास्त आग होते, आणि लागतेही घाईची. त्यांना म्हणावं, पाणी प्या.

माप घेऊन कळव. तुझं हे काम सोपं आहे, दुकानच मापाचं.

मावशी


२० जून

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

काम सोपं नाही. गिऱ्हाईक माप देत नाही.

मी टेप घेऊन जवळ गेलो तर म्हणाले, “मागे हो. आजवर कोणी माझं माप घेतलेलं नाही.” मी म्हणालो, मग तुमचे कपडे? “नजरेने,” ते म्हणाले, “आणि कधी चुकले नाहीत.”

आणि आता ऐक. पुडा आणला म्हणून त्यांना राग आला होता, तो राग त्यांनी कामात घातला. स्वतःच एक डायपर शिवला. बाहेरून रेनकोटचं कापड, आत गादीचा कापूस, कडेला दुहेरी शिवण, कमरेला नाडी. मावशी, काम इतकं सुबक आहे की काचेत टांगावं. मी म्हणालो, हे अंगाला घासेल. म्हणाले, “ही शिवण बघून लोक लांबून येतात.” मी म्हणालो, ही बघायला कोणी येणार नाही.

एकाने पुरलं नाही, तर एकावर एक दोन घालतात. वास येऊ नये म्हणून जंतुनाशक साबण लावून काथ्याने घासतात आणि वर मुठीने पावडर मारतात. मागून पाहिलं तर बेकरीतून उठून आल्यासारखे दिसतात. कातडी लाल झाली आहे. चालताना पाय फाकवून चालतात, आणि विचारलं तर म्हणतात, नवा बूट चावतो. पायात चप्पल असते.

मी अजून काही म्हणालो तर म्हणाले, “गिऱ्हाईक कधी चुकत नसतं, हे तुला दुकानात शिकवलं नाही का?”

काय करू?

तुझा
टाचणी


२७ जून

चि. टाचणीस,

आशीर्वाद नंतर. आधी तो रेनकोट काढायला लाव.

त्याच्या आत वारा जात नाही. घाम, ओल, ऊब, सगळं कोंडतं आणि कातडी भिजून भिजून मऊ पडते. मऊ पडलेल्या कातडीवर दुहेरी शिवण म्हणजे करवत. दोन घातले तर आतलं भरल्यावर खाली जायला वाट नसते, ते बाजूनेच येतं. पावडरीचे ओलीत गोळे होतात आणि जांघेत खड्यासारखे टोचतात. साबणाने तर उरलंसुरलं तेलही निघून जातं. थोडक्यात, तुमच्या गिऱ्हाईकाने चुकायचं एकही काम शिल्लक ठेवलेलं नाही. आमच्या शेजारणीनेही नव्हतं ठेवलं. ती तर केस वाळवायच्या यंत्राने कातडी वाळवायला गेली होती आणि भाजून घेतलं.

आता असं करायचं. ओलं झालं की लगेच बदलायचं, पूर्ण भरायची वाट बघायची नाही. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, तोही नावाला. पुसताना घासायचं नाही, मऊ कापडाने नुसतं टिपायचं. थोडा वेळ उघडं, वारा लागू द्यायचा. मग झिंकचं मलम नाहीतर पेट्रोलियम जेली, पातळ हात फिरवून. पातळ म्हणजे पातळ. लेप दिला तर तोच पॅडला लागतो आणि पॅड शोषत नाही.

आणि कातडी फुटली, पाणी सुटलं, पुरळ आलं, ताप आला, तर पत्राची वाट बघू नकोस. डॉक्टर. ओढून ने. लाजेने कोणी मरत नाही, पण लाजेपायी जखम चिघळते ती खरीच चिघळते.

आधी त्यांचं बूड वाचव. अब्रू मागून येईल.

मावशी


१६ जुलै

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कातडी फुटली होती.

धुवायला टाकलेल्या कापडावर रक्त दिसलं. मी ते हातात घेऊन गिऱ्हाईकासमोर उभा राहिलो. म्हणाले, “सुई लागली असेल.” मी म्हणालो, कुठे? त्यांनी कापड माझ्या हातातून ओढून घेतलं. आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की पाठ फिरवायचे. जांघ उघडून दाखवायची म्हणजे त्यांना फाशी. त्यांना दोन दिवस बारीक ताप होता, आणि तरी ते उभ्याने कोटाची बाही लावत होते. मला भीती वाटायला लागली. तुला खरं सांगतो, मला सोबत आहे ती या एकाच माणसाची. म्हणजे गिऱ्हाईकाची.

शेवटी मी खोटं बोललो. म्हणालो, पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचा कोट खांद्यात बसत नाही, त्या दवाखाना सोडून येऊ शकत नाहीत, तुम्हालाच बघायला बोलावलंय. टेप, खडू, टाचण्यांची उशी, सगळं घेऊन निघाले. बाईंना मी आधी सांगून ठेवलं होतं. आत गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि म्हणाल्या, “कोट नंतर. आधी तुमचं अस्तर बघू.”

मावशी, मला वाटलं आता भडका उडणार. पण ते एकदम हसले. आणि हसले म्हणून झाली. आणि झाली म्हणून लपवण्यासारखं काही राहिलंच नाही.

जखम वरवरची आहे, पण बुरशीही धरली होती. त्याचं वेगळं मलम दिलं. बाकी तू लिहिलं तेच सांगितलं, जवळजवळ शब्दाला शब्द. मग विचारलं, “माप कोणतं वापरता?”

“मोठ्यात मोठं आणलं होतं,” मी म्हणालो.

“का?”

“कापड आत घेता येतं, बाहेर काढता येत नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

गिऱ्हाईक छताकडे बघत होतं.

घरी आल्यावर त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या हातात दिली. पाठ करून उभे राहिले. “टेप ओढू नकोस. माणूस आहे, गाठोडं नव्हे.” मी म्हणालो, पोट आत घेऊ नका, मास्तर. म्हणाले, “सगळेच घेतात. मी कोणाला बोललो कधी?” माप मध्यम निघालं. नजरेने त्यांनी स्वतःला दोन मापं मोठं धरलं होतं.

वर ‘मास्तर’ असं लिहून गेलं आहे. खोडलं तर पान खराब दिसेल, म्हणून तसंच ठेवतो. वयस्कर गिऱ्हाईकांना मी मास्तरच म्हणतो.

आता हिंडताना चड्डीसारखा प्रकार वापरतात. पहिला हातात आला तेव्हा घातला नाही, कात्रीने उघडला. थर सुटे करून खिडकीत धरले. वरचा थर ओला करून बोट फिरवलं तर कोरडा. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “शिवलेलं नाही, चिकटवलंय. पण ज्याने केलंय त्याचा हात चांगला आहे.” बाईंनी आतले स्नायू आवळायचा व्यायामही दिला आहे. तो ते काजं करताना करतात. चेहरा सुईत दोरा ओवताना होतो तसा होतो. बाई म्हणाल्या, अशा ऑपरेशननंतर हळूहळू पुष्कळ कमी होतं, धीर धरा.

काल ते खुर्चीवर बसले.

तुझा
टाचणी


२४ जुलै

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

सगळ्या वयस्कर गिऱ्हाईकांना तू मास्तर म्हणतोस हे वाचून भरून आलं. तुझं शुद्धलेखन असंच राहो. खोटं बोलणं तुझ्या हातचं नाही, डॉक्टरीणबाईंच्या कोटाची गोष्ट सोडून. ती चांगली जमली.

गिऱ्हाईक बसलं, हे मी शेजारणीला सांगितलं. तिला फार बरं वाटलं. ती म्हणाली, त्यांनी डॉक्टर तरी गाठला. मी चार वर्षं नुसत्या दुकानांच्या भिंती बघत फिरले.

तिचं आता ठीक चाललंय. कातडी चांगली आहे, माप सापडलंय. पण कुठे जात नाही. लोकांना वाटतं शिष्ट झाली. एकदा काय झालं, ती आपल्या माणसांकडे गेली होती. वेताची खुर्ची, वर उशी, चहा हातात. समोरच्याने काही तरी असं सांगितलं की ती हसत सुटली. आणि मग तिला कळलं. तो आपला कप भरायला आत गेला, तशी तिने उशी उलटी केली आणि निघाली. स्थानकापर्यंत चालत गेली, बसायची हिंमत नव्हती. तिथे खांबाला टेकून तीन गाड्या सोडल्या.

तेव्हापासून ती त्या घरी गेली नाही. कोणती गाडी किती वाजता सुटते, मधे कुठे थांबते, कुठल्या थांब्यावरचं स्वच्छतागृह बरं आहे, तिला सगळं पाठ आहे. पाय निघत नाही. ते रागावले असतील, असं तिला वाटतं.

म्हातारपणी माणूस काय काय मनात घेऊन बसतो. तुला उगीच लिहिलं.

मावशी


२ ऑगस्ट

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

उगीच नाही लिहिलंस. तुझी शेजारीण मनाने चांगली आहे, पण स्वभाव जरा उतावळा दिसतो. एवढ्यासाठी कोणी न सांगता निघून जातं का? आणि तिलाही गाड्या पाठ आहेत, हे वाचून मजा वाटली. तुमच्या इमारतीत सगळेच हुशार.

तुला एक सांगायचं आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे आपले मास्तर आहेत. तुला धक्का बसेल. मी चांगला दोन महिने लपवलं, त्याबद्दल क्षमा कर. त्यांनीच आता सांग म्हटलं.

ते असं झालं. तुझी पत्रं येतात आणि त्यात शेजारणीचा सल्ला असतो, हे त्यांना कळलंच होतं. म्हणाले, “शेजारणीचं काय म्हणणं आहे ते वाच.” मी वाचत होतो, ते काजं करत होते. उशीपाशी आलो तर त्यांचा हात थांबला. म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. मग उठले, वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढला, आणि दुकानातल्या खुर्च्यांच्या उशांची मापं घ्यायला लागले. मी विचारलं, हे काय मधेच? म्हणाले, “तू टाचण्या वेच.”

आता सगळ्या उशांना पुसता येणारं कापड झालं आहे. वरून मऊ, शिवण खालच्या अंगाला. त्यांनी तुला चिठ्ठी लिहिली आहे, ती यात घालतो. मला वाचू दिली नाही आणि स्वतः पाकीट चिकटवलं.

त्यांना वाटतं तू यावंस. मलाही वाटतं. आणि येताना शेजारणीलाही घेऊन ये. इथे मास्तर असल्यामुळे तिला लाज वाटायचं कारण नाही, आणि मास्तरांनाही बोलायला कोणी तरी होईल. खिडकीशी तीन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत : मास्तरांची, तुझी आणि तिची.

तुझा
टाचणी


(सोबतची चिठ्ठी)

धाकटे,

मी शिंपी आहे. चहाचा डाग कोणता आणि दुसरा कोणता, मला कळतं. त्या दिवशी तू गेल्यावर उशी उलटी दिसली तेव्हाच कळलं होतं. खोळ मी धुतली. टाचणीला संशय येऊ नये म्हणून दर वेळी त्याच्यासमोर विचारत राहिलो, चहा टाकून का गेली, किस्सा लागला का.

तुला काही बोललो नाही. वाटलं, बोललो तर लाजून तू पुन्हा यायची नाहीस. नाही बोललो, तरी तू आली नाहीस.

आणि माझ्यावर तीच वेळ आली तेव्हा मी काय केलं? रेनकोट शिवला.

उशा नव्या केल्या आहेत. लोक विचारतात कशाला, मी सांगतो, म्हाताऱ्यासाठी. ते खोटं नाही.

वकिलाच्या पँटचा किस्सा अर्धा राहिला आहे. तो अजून कोर्टात उभाच आहे बिचारा, मागून हात लावून. ये. हसू आलं तर हस. मलाही सोबत होईल.

दादा


९ ऑगस्ट

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

गिऱ्हाईक म्हणजे मास्तर, हे वाचून मला केवढा धक्का बसला, तुला कल्पना नाही. पाणी प्यावं लागलं. पाणी प्यायला आता मी घाबरत नाही.

बुधवारी सकाळच्या गाडीने निघते. मधल्या मोठ्या थांब्यावर उतरून पुढची धरीन, म्हणून दुपार होईल. न्यायला येऊ नकोस, दुकान सोडून दोघं रस्त्यात उभे राहिलात तर मला ओशाळं होईल.

दादाला म्हणावं, मी बसेपर्यंत वकिलाला तसंच उभं ठेव. आणि चहा या वेळी पूर्ण कप.

शेजारीण येत नाही. बाळ, तू टेपच्या रेघा मोजणारा मुलगा, आणि एवढं कसं दिसलं नाही रे तुला? माझ्या खोलीच्या एका अंगाला गच्चीचा जिना आहे आणि दुसऱ्या अंगाला रस्ता. माझ्या शेजारी कधी कोणी राहिलेलंच नाही.

तिसरी खुर्ची मात्र उचलू नकोस. तिच्यावर माझी पिशवी ठेवू, उघडी. त्यातलं दादाला लागलं तर त्याने न विचारता घ्यावं. आमचं दोघांचं माप एकच निघालं.

तुझी
मावशी